कै. विठ्ठल सखाराम पागे ह्यांचें चरित्र

आमच्या कवठे महांकाळ भागांतील वाचकांस दुष्काळ म्हणजे काय हें शब्दांनीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. अग्रणी नदीचें कोरडें पात्र, मुरमाड माळ, मृग नक्षत्राकडे लागलेले डोळे, आणि दावणीचीं जनावरें बाजारांत नेतांना घरधन्याचा झालेला कष्टी चेहरा, हें सर्व आमच्या वडीलधाऱ्या मंडळीनें एकदां नव्हे, अनेकदां पाहिलें आहे. पुढें कृष्णेचें पाणी म्हैसाळ येथून उपसून ह्या बाजूस आणण्यांत आलें, व ज्या शिवारांत एके काळीं कुसळांवांचून कांहीं दिसत नसे तेथें द्राक्षांचे व डाळिंबांचे मळे उभे राहिले. परंतु ज्यास जमीन नाहीं, अथवा आहे ती पोटापुरती नाहीं, त्याचा प्रश्न पाण्यानेंही पुरता सुटत नाहीं. त्याच्या घरची चूल हातास काम मिळालें तर पेटते, न मिळालें तर विझते.

अशा माणसास सरकारापाशीं काम मागण्याचा हक्क आहे, आणि काम न दिल्यास सरकार त्याचें देणें लागतें, असा कायदा आमच्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानें इ. स. १९७७ सालीं केला. त्या कायद्याचा उगम येथून फार दूर नाहीं. शेजारच्या तासगांव तालुक्यांतील विसापूर व त्याच्या आसपासचीं खेडीं ही त्याची जन्मभूमि. आणि त्याचे जनक कै. विठ्ठल सखाराम पागे हे होत. त्यांचें चरित्र आम्ही ह्या अंकीं वाचकांपुढें ठेवीत आहों. केवळ एका थोर गृहस्थाची स्तुति करावी हा आमचा हेतु नाहीं. गरिबाच्या उपयोगीं पडणारा कायदा कसा घडतो, तो घडवितांना कोणाकोणाचे हात लागतात, कोण अडवितो, कोण पैसा देतो, आणि कायदा झाल्यावर तो जिवंत कसा राहतो, हें ह्या चरित्रावरून जसें उघड होतें तसें दुसऱ्या एखाद्या चरित्रावरून क्वचितच होईल.

पूर्ववृत्त

पागे ह्यांचा जन्म इ. स. १९१० सालीं बागणी ह्या गांवीं झाला. हें गांव पुढें सांगली जिल्ह्यांत आलें. परंतु त्या वेळीं सांगली नांवाचा जिल्हाच नव्हता. हा मुलूख कांहीं सातारा जिल्ह्यांत, तर कांहीं सांगली, मिरज इत्यादि संस्थानांत वांटलेला होता. १९४९ सालीं दक्षिण सातारा असा निराळा जिल्हा करण्यांत आला, व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. पागे कायद्याचें शिक्षण घेऊन वकील झाले. त्यांच्या मनावर महात्मा गांधींच्या विचारांचा ठसा उमटला होता. स्वातंत्र्याच्या चळवळींत ते पडले, व त्यापायीं त्यांनीं कारावासही सोसला. संतांच्या वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा होता. वकिली आणि संतवाङ्मय ह्या दोन्ही गोष्टी पुढें त्यांच्या उपयोगीं पडल्या. कारण गरिबाविषयीं कळवळा पुष्कळांस असतो, परंतु तो कळवळा कायद्याच्या कलमांत बसविणें थोड्यांस साधतें.

१९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. त्याच वर्षीं पागे विधानपरिषदेचे सभापति झाले, व १९७८ पर्यंत, म्हणजे सुमारें अठरा वर्षें, ते त्या आसनावर होते. विधानसभा कशास म्हणतात हें आमच्या खेड्यांतील वाचकांस ठाऊक असतें. परंतु विधानपरिषदेविषयीं फारशी माहिती नसते, म्हणून येथें थोडा खुलासा करितों. विधानसभेंत लोकांनीं मत देऊन पाठविलेले सभासद बसतात. विधानपरिषद हें वरचें सभागृह. त्यांत ७८ सभासद असतात. त्यांपैकीं कांहींस आमदार निवडतात, कांहींस स्थानिक संस्थांचे सभासद, कांहींस पदवीधर व शिक्षक, आणि कांहींस राज्यपाल नेमतात. पैशासंबंधींचें विधेयक आलें तर ह्या सभागृहास तें चौदा दिवसांहून अधिक रोखून धरतां येत नाहीं. त्यांतून सभापति म्हणजे पंचाच्या जागीं बसलेला मनुष्य. त्यानें वादांत पडूं नये, आणि दोन्ही बाजूंचीं मतें समसमान पडलीं तरच आपलें मत द्यावें, असा नियम आहे.

तेव्हां ज्याच्या हातीं खजिन्याची किल्ली नाहीं, मंत्रिपद नाहीं, आणि सभागृहांत वाद घालण्याचीही मोकळीक नाहीं, अशा मनुष्यानें राज्याच्या खजिन्यावर एवढा मोठा भार टाकणारी योजना उभी करावी, हें प्रथमदर्शनीं आश्चर्याचें वाटतें. परंतु विचार केला असतां आश्चर्य कमी होतें. सभापति कोणत्याच खात्याचा नसल्यामुळें तो सर्व खात्यांशीं बोलूं शकतो, आणि पंच असल्यामुळें विरोधी पक्षही त्याचें ऐकून घेतात. ज्याच्या हातीं सत्ता थोडी त्याचा शब्द कित्येकदां अधिक वजनाचा ठरतो. कारण तो स्वतःच्या लाभासाठीं बोलत नाहीं हें ऐकणारास दिसत असतें.

जुनी रीत

पागे ह्यांनीं नवें काय केलें हें कळण्यास आधीं जुनी रीत पाहिली पाहिजे. इंग्रजी अमलांत १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडल्यावर सरकारनें एक चौकशी मंडळ नेमिलें, व त्याच्या १८८० च्या अहवालावरून दुष्काळनिवारणाचे नियम तयार झाले. पीक बुडालें म्हणजे गांवची आणेवारी काढावी. ती ठरलेल्या मर्यादेखालीं गेली तर वरिष्ठांस कळवावें. वरिष्ठांनीं दुष्काळ जाहीर करावा. आणि मग खडी फोडण्याचीं व तळीं खोदण्याचीं कामें निघावीं, अशी ती रीत होती. स्वराज्य आल्यावरही पुष्कळ वर्षें बहुतेक तीच चालूं राहिली.

ह्या रीतीनें पुष्कळांचे प्राण वांचले हें खरें. परंतु तींत दोन उणीवा होत्या. पहिली ही कीं, काम निघावें किंवा न निघावें हें उपाशी माणूस ठरवीत नसे, कचेरी ठरवीत असे. दुसरी ही कीं, दुष्काळ सरला कीं काम बंद होई. आणि भूमिहीन माणसाची ओढाताण तर सुगी संपली म्हणजे दरवर्षींच सुरू होते. शाळूची काढणी आटोपली कीं चैत्रापासून मृगापर्यंत त्याच्या हातास काम नसतें. त्या दिवसांत गांवची आणेवारी बारा आणे असली तरी त्याच्या घरची आणेवारी शून्यच असते. आणि ती मोजणारा कोणी कामगार कचेरीच्या वहींत नव्हता.

ह्या दोन उणीवा भरून काढणें हाच पागे ह्यांच्या योजनेचा गाभा होय. जो सज्ञान माणूस अंगमेहनतीचें काम करण्यास तयार आहे त्यानें तें मागितलें म्हणजे सरकारनें दिलेंच पाहिजे. तें दुष्काळापुरतें नसावें, बारमाही असावें. आणि त्या कामांतून गांवाच्या शेतीस उपयोगीं पडेल असें कांहीं उभें राहिलें पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या कलमांत कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. त्या कलमाच्या आधारें मजुरास कोर्टांत दाद मागतां येत नव्हती. घटनेंतील तें वाक्य माळावरच्या माणसापर्यंत आणून पोंचविणें हें काम उरलें होतें, व तें पागे ह्यांनीं अंगावर घेतलें.

विसापूरचा प्रयोग

त्या काळीं कै. वसंतराव नाईक हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९६३ पासून १९७५ पर्यंत ते त्या पदावर होते, व शेतीकडे त्यांचें विशेष लक्ष असे. पागे ह्यांनीं आपली कल्पना त्यांच्या सरकारापुढें मांडिली. परंतु एकदम सर्व राज्यांत अशी योजना काढणें म्हणजे अंधारांत उडी घेणें होतें. काम मागावयास किती लोक येतील? पैसा किती लागेल? शेतांवर मजूर मिळेनासे होतील काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मिळण्यासारखीं नव्हतीं. म्हणून १९६९ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर भागांत अकरा गांवांपुरता ह्या योजनेचा प्रयोग सुरू झाला. एका टापूचा सर्वांगीण विकास करण्याचें जें काम तेथें चालूं होतें त्याच्याच अंगानें हा प्रयोग करण्यांत आला. पुष्कळ लोक ह्या योजनेस पागे योजना ह्या नांवानेंच ओळखीत असत.

लहान प्रयोगाचा गुण असा कीं, तो फसला तर नुकसान थोडें होतें, आणि साधला तर वाद घालणारांस दाखवावयास कांहीं हातीं राहतें. शेतकरी नवें बियाणें एकदम सर्व रानांत टाकीत नाहीं. एक वाफा पेरून पाहतो. तीच रीत येथें पाळण्यांत आली. मुंबईच्या कचेऱ्यांत ज्या शंका वर्षानुवर्षें फिरत राहिल्या असत्या त्यांची परीक्षा अकरा गांवांच्या शिवारांत झाली.

पुढें तीन वर्षांत मोठी कसोटी आली. १९७० पासून लागोपाठ पाऊस कमी पडत गेला, व १९७२ सालीं राज्याच्या फार मोठ्या भागांत पिकें बुडालीं. त्या दुष्काळाच्या आठवणी आमच्याकडे गांवोगांव अजून निघतात. परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर वांटली जाणारी सुकडी, खडीचे ढीग, आणि डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या स्त्रियांच्या रांगा, हें सर्व त्या पिढीनें पाहिलें. १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर जाणारांची संख्या राज्यांत सुमारें ५० लाखांपर्यंत गेली. १९७२ सालींच सरकारनें रोजगार हमीची योजना सर्व राज्यासाठीं जाहीर केली होती. परंतु दुष्काळ एवढा पसरला कीं, जुन्या धर्तीचींच कामें सर्वत्र काढावीं लागलीं, व नवी योजना कांहीं काळ बाजूस राहिली.

तथापि त्या दुष्काळानें दोन गोष्टी शिकविल्या. एक ही कीं, सरकारनें मनावर घेतलें तर तें लाखों लोकांस काम देऊं शकतें. दुसरी ही कीं, कामावर एकत्र आलेले मजूर मुके राहत नाहींत. त्या दिवसांत ठिकठिकाणीं मोर्चे निघाले. कामाची व पुऱ्या मजुरीची मागणी झाली. विरोधी पक्षांनीं व मजुरांच्या संघटनांनीं ती उचलून धरिली. पाऊस पडला, आतां घरीं जा, असें मजुरास सांगणें पूर्वीइतकें सोपें राहिलें नाहीं. एका सभापतीच्या मनांतील विचारास आतां लाखों माणसांचें बळ मिळालें होतें.

पैसा कोठून आला

आतां खरा प्रश्न पैशाचा. दरवर्षीं कोट्यवधि रुपये आणावयाचे कोठून? १९७५ सालीं राज्यानें ह्यासाठीं कर बसविले. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी ह्यांवर व्यवसायकर बसला. मोटारगाड्या, विक्रीकर, शहरांतील राहत्या घरांखेरीज इतर इमारती, तसेंच बागाईत जमीन, ह्यांवरही जादा आकार घेण्यांत येऊं लागला. ह्या करांचें जितकें उत्पन्न येईल तितकीच रक्कम सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी, असें ठरलें. त्या वेळीं घटनेप्रमाणें व्यवसायकर एका माणसाकडून वर्षास २५० रुपयांहून अधिक घेतां येत नसे. १९८८ सालीं ती मर्यादा २,५०० रुपये करण्यांत आली.

मुंबईच्या कारकुनानें आपल्या पगारांतून जत किंवा आटपाडीच्या मजुरास पैसा कां द्यावा, असा प्रश्न येथें सहज उद्भवतो. त्याचें उत्तर असें कीं, प्रत्येकाचें थोडेंथोडें हित ह्या योजनेंत गुंतलेलें होतें. खेड्यांत काम मिळालें तर माणसांचे लोंढे शहराकडे येणार नाहींत, हें शहरच्या लोकांच्या सोयीचें होतें. पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती व रस्ते झाले म्हणजे विहिरींचें पाणी वाढेल व माल बाजारास लवकर पोंचेल, हें जमीनवाल्या शेतकऱ्यांस दिसत होतें. आणि विधिमंडळांत त्यांचें वजन मोठें होतें. आमदारांस आपापल्या मतदारसंघांत झालेलीं कामें दाखवितां येत होतीं. आणि मजुरास मजुरी मिळत होती. शेतावर मजूर महाग होतील ही जी बागाइतदारांची भीति होती ती ध्यानीं घेऊन योजनेंतील मजुरीचा दर शेतमजुरीच्या किमान दराच्या वर नेण्यांत आला नाहीं.

कोणी म्हणेल कीं, हा सौदा झाला, ह्यांत धर्म कोठें आहे? आम्हांस तसें वाटत नाहीं. गरिबाचें हित एकटेंच वाटेस लागलें तर तें फार दूर जात नाहीं. इतरांच्या हिताबरोबर त्यास एकाच गाडींत बसविलें तर तें मुक्कामास पोंचतें. गाडी हांकणारानें मात्र कोणासाठीं निघालों आहों हें विसरतां कामा नये. पागे हें विसरले नाहींत.

अमेरिकेंत काय झालें

येथें आम्ही वाचकांस थोडा वेळ समुद्रापलीकडे नेतों. कारण हाच प्रश्न अमेरिकेंतही निघाला होता, आणि तेथें त्याचा शेवट निराळा झाला. १९२९ नंतर त्या श्रीमंत देशांत अशी मंदी आली कीं, १९३३ सालीं कामकऱ्यांपैकीं जवळजवळ चौथा हिस्सा लोक बेकार होते. त्या वर्षीं रूझवेल्ट हे अध्यक्ष झाले. त्यांनीं १९३५ सालीं हॅरी हॉपकिन्स ह्या आपल्या विश्वासू सहकाऱ्याच्या हाताखालीं एक मोठें खातें उघडलें. त्या खात्यानें रस्ते, पूल, शाळा व बागा बांधविल्या, आणि १९४३ पर्यंत एकंदर सुमारें ८५ लाख लोकांस काम दिलें. परंतु तें खातें अध्यक्षांच्या हुकुमानें निघालेलें होतें, व त्यासाठीं लागणारा पैसा पुनःपुन्हां काँग्रेस नांवाच्या तेथील विधिमंडळाकडून मागून घ्यावा लागे. काम हा मजुराचा हक्क नव्हता. तरतूद असेल तितक्यांसच तें मिळे. दक्षिणेकडील कापसाच्या मळेवाल्यांनीं वेंचणीस मजूर मिळत नाहींत अशी तक्रार केली म्हणजे हंगामांत मजुरांस त्या कामांवरून कमी करण्यांत येई. महायुद्धामुळें कारखान्यांत काम मिळूं लागलें, आणि १९४३ सालीं तें खातें बंद झालें.

युद्ध संपल्यावर बेकारी पुन्हां येईल ह्या भीतीनें १९४५ सालीं सेनेटर मरी ह्यांनीं एक विधेयक आणिलें. काम करूं शकणाऱ्या व करूं इच्छिणाऱ्या प्रत्येक अमेरिकनास कामाचा हक्क असावा, असा त्याचा आशय होता. परंतु त्या देशांत कायदा होण्यास दोन्ही सभागृहें व त्यांच्या समित्या ह्यांतून विधेयकास जावें लागतें, आणि शेवटीं अध्यक्षांची सही लागते. व्यापाऱ्यांच्या व मोठ्या शेतकऱ्यांच्या संघांनीं विरोध केला. वाटेंत हक्काचे शब्द गळाले. आणि १९४६ सालीं अध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं ज्या कायद्यावर सही केली त्यांत सरकारच्या उद्देशाचीं मोघम वाक्यें आणि अध्यक्षांस सल्ला देणारें एक अर्थतज्ज्ञांचें मंडळ, एवढेंच मुख्यतः उरलें. १९७८ सालीं तेथें पुन्हां एक कायदा झाला. बेकारी किती टक्क्यांपर्यंत खालीं आणावी ह्याचें ध्येय त्यांत लिहिलें गेलें; परंतु तें ध्येय गांठलें नाहीं तर बेकार माणसानें कोणाच्या दारीं जावें, हें त्यांत नव्हतें.

ह्यावरून असें दिसतें कीं, देश श्रीमंत असला म्हणजे गरिबास हक्क मिळतोच असें नाहीं. कोणत्या सभागृहांत कोणाचें वजन आहे, पैसा दरवर्षीं मागावयाचा कीं त्यासाठीं निराळा निधि ठेवावयाचा, आणि मागणाऱ्याची बाजू कोण किती चिकाटीनें धरतो, ह्यांवर तें अवलंबून असतें.

कायदा झाला

आमच्या राज्यांत हक्काचे शब्द गळाले नाहींत. १९७५ ते १९७९ ह्या काळांत शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार असे मुख्यमंत्री एकामागून एक झाले. आणीबाणी आली व गेली. दिल्लींत व मुंबईंत सरकारें बदललीं. पण योजना कोणी मोडली नाहीं. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ सालीं विधिमंडळानें एकमतानें संमत केला, व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. ज्या सभागृहांत एरव्हीं एका शब्दावरून तासन्‌तास वाद चालतो तेथें सर्व पक्षांनीं एकत्र हात वर करावे, ह्यांत पागे ह्यांच्या निःपक्षपाती वर्तनाचा वांटा मोठा होता असें आम्हांस वाटतें. त्यांनीं ही योजना एका पक्षाची होऊं दिली नव्हती.

कायद्याप्रमाणें ग्रामीण भागांतील सज्ञान स्त्रीपुरुषानें आपलें नांव नोंदवून काम मागावयाचें होतें. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत त्यास काम द्यावयाचें, आणि न दिल्यास दिवसास निदान एक रुपया बेकारभत्ता द्यावयाचा. एक रुपया ही रक्कम १९७९ सालींही थोडीच होती. परंतु तीमुळें मजूर धनको ठरला व सरकार ऋणको ठरलें, ही गोष्ट लहान नव्हे. मजुरी कामाच्या मापावर, व स्त्रीपुरुषांस एकाच दरानें, असा नियम झाला. कामावर पिण्याचें पाणी, सावली व लहान मुलांची सोय असावी असें ठरलें. खर्चाचा निदान साठ टक्के भाग मजुरीवर जावा, अशीही तजवीज होती. म्हणजे यंत्रांनीं मजुराचा घांस हिरावून घेऊं नये. मागणी पाहून कामें काढण्याची जबाबदारी कलेक्टरावर, तीं करण्याची जबाबदारी पाटबंधारे, बांधकाम, शेती, वन इत्यादि खात्यांवर, आणि देखरेख विधिमंडळाच्या समितीची, अशी वांटणी झाली.

१९७९-८० ह्या एका वर्षांत ह्या योजनेखालीं सुमारें २० कोटि मनुष्यदिवसांचें काम झालें. कामावर येणारांत स्त्रियांची संख्या फार मोठी असे. ज्या बाईस काम शोधण्यासाठीं मुलांलेंकरांसह परमुलखांत जावें लागलें असतें तिला आपल्याच तालुक्यांत काम मिळालें, व मजुरी तिच्या स्वतःच्या हातीं पडली. हा लाभ आंकड्यांत मोजतां येत नाहीं.

दोष

चरित्र लिहितांना दोष झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ह्या योजनेंतही दोष शिरले. कित्येक ठिकाणीं हजेरीपटावर कामावर न आलेल्यांचीं नांवें चढलीं. मजुरी वेळेवर मिळेना. मापांत कसर निघूं लागली. बेकारभत्ता मिळालेला मजूर विरळा. कांहीं कामें अर्धवट राहिलीं. पाझर तलाव मजुरांनीं खोदला, परंतु त्याच्या खालच्या अंगास ज्याची विहीर होती त्यासच त्याचें पाणी लाभलें. ज्यास जमीन नव्हती त्यास मजुरीखेरीज कांहीं मिळालें नाहीं. १९८८ सालीं किमान मजुरीचा दर बराच वाढविण्यांत आला, आणि त्यानंतर कामावरील उपस्थिति पुष्कळ घटली. ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्या कांहीं पंडितांचें मत असें कीं, मजुरांस कामाची गरज उरली नव्हती म्हणून ती घटली नाहीं. कायद्यांतील हक्क तसाच ठेवून कामेंच कमी उघडण्यांत आलीं. कायदा मोडावा लागत नाहीं. काम उघडलें नाहीं म्हणजे तो आपोआप निजतो.

ह्यावरून पागे ह्यांची कल्पना चुकली असें कोणी म्हणूं नये. विहीर खोदणारानें पाणी लावून दिलें. रहाट रोज कोणी ओढावयाचा हा प्रश्न मागें राहणारांचा आहे.

अखेर व वारसा

१९७८ सालीं पागे सभापतिपदावरून उतरले. १९९० सालीं ते निवर्तले. त्याच वर्षीं राज्यानें फळबागा लावण्याची योजना रोजगार हमीशीं जोडली, व लहान शेतकऱ्यासही आपल्या रानांत झाडें लावण्यास मजुरीचें साहाय्य मिळूं लागलें. कोरडवाहू मुलखांत जीं डाळिंबाचीं, बोराचीं व आंब्याचीं झाडें त्यानंतर वाढलीं त्यांपैकीं पुष्कळांच्या मुळाशीं ही योजना आहे.

त्यानंतर पंधरा वर्षांनीं, २००५ सालीं, दिल्लीच्या संसदेनें सर्व देशासाठीं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजीं तो प्रथम २०० जिल्ह्यांत लागू झाला, व २००९ सालीं त्यास महात्मा गांधींचें नांव देण्यांत आलें. प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षांतून शंभर दिवसांचें काम मागण्याचा हक्क त्या कायद्यानें दिला. तो करितांना महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव सर्वांच्या डोळ्यांपुढें होता. विसापूरच्या अकरा गांवांतून निघालेला विचार अशा रीतीनें हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत पोंचला.

आतां आमच्या वाचकांस दोन शब्द सांगून हें चरित्र संपवितों. कायदे पुढेंही बदलतील, त्यांचीं नांवें बदलतील, दिवसांचे व दरांचे आंकडे बदलतील. परंतु एक गोष्ट बदलणार नाहीं: जो हक्क मागणीवर चालतो तो मागणी थांबली कीं थांबतो. तेव्हां ज्या गांवीं कामाची गरज आहे तेथील वाचतां लिहितां येणाऱ्या तरुणांनीं मजुरांचे अर्ज लिहून द्यावे. अर्ज तोंडी न ठेवतां लेखी करावा, व त्याची तारखेसह पोंच घ्यावी. हजेरीपट मोठ्यानें वाचून घ्यावा. मापाच्या वेळीं हजर राहावें. हीं कामें लहान दिसतात. पण पागे ह्यांनीं जें केलें तेंही आरंभीं अकरा गांवांपुरतेंच होतें.

तासगांवच्या बाजूस कोणी वाचक कामानिमित्त गेला, आणि वाटेंत एखादा जुना पाझर तलाव दिसला, तर त्यानें क्षणभर उभें राहून त्या बांधाकडे पाहावें. त्याची माती आपल्यासारख्याच माणसांनीं डोक्यावरून वाहिली आहे. आणि ती माती वाहण्याचें काम त्यांस कोणाची दया म्हणून मिळावयाचें नव्हतें, तें त्यांचें येणें होतें, असें प्रथम ठरविणारा मनुष्य ह्याच मुलखांतला होता.